बाभळीआडचं दार

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. आबा मेंढरांमागं, त्यांचे वडील मेंढरांमागं, माय लोकांच्या रानात खुरपायला. मी बी.ए. झाले, राज्यशास्त्र घेऊन, आणि गावच्याच ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून लागले. कंत्राटी. दाखले काढायचे, घरपट्टीच्या नोंदी चढवायच्या, वरून आलेल्या आदेशाचा अर्थ गावाला समजावून सांगायचा आणि गावाच्या शिव्या ऐकून घ्यायच्या. गावात मला सगळे ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणतात. मला ते आवडतं.

कॅमेरे आले तेव्हा मी खूश होते. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात चांगल्या कारणानं येत नव्हतं. पाहुण्यांच्या गावाला गेलं की लोक चेष्टा करायचे, “तुमच्याकडं माणसानं राहायचं तरी कसं?” मग गावोगाव कॅमेरे बसवायची टूम निघाली. आमच्याकडं एक शाळेजवळ, एक मंदिरापाशी, आणि एक तिकटीवर, जिथं धारूरकडून येणारा रस्ता गावात शिरतो. तिन्हींचं चित्र दाखवणारा पडदा माझ्या टेबलावर आला. आबा तर गावात सगळ्यांत जास्त खूश. मेंढरू चोरीला गेलं की आजवर नुसत्या शिव्या देता यायच्या. “आता माजी पोरगी टीव्हीत बघून सांगंल कुनी नेलं,” असं ते पारावर सांगत फिरले.

कॅमेऱ्याचा उपयोग झाला नाही असंही नाही. एक मोटारसायकलवाला म्हाताऱ्या माणसाला उडवून पळाला होता, तो त्या पडद्यावर सापडला. म्हणून कॅमेरा नकोच, असं मी आजही म्हणत नाही.

आमच्या गावाला सरपंच बाई आहेत. सह्या त्यांच्या, बोलणं त्यांच्या मालकांचं. मालकांचं खतांचं दुकान आहे. एकदा सहीचा कागद घेऊन मी दुकानात गेले, तर गल्ल्यावर मोबाईल उभा करून ठेवलेला आणि त्यात माझ्या टेबलावरचाच पडदा चालू. तीच शाळा, तेच मंदिर, तीच तिकटी. मालक चहा पीत पीत बघत होते, जशी माणसं मॅच बघतात.

ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. मी परत आल्यावर त्यांना विचारलं, “भाऊसाहेब, कॅमेरा मालकांच्या फोनात कसा काय?”

“सुरक्षेसाठी.”

“ठरावात तर तसं काही नाही.”

“ताई, सगळंच ठरावात लिहायचं नसतं. गोपनीय बाब आहे ही. पोलिसांचं काम आहे. तुम्ही दाखले काढा.”

पोलिसांचं काम खतांच्या दुकानात कसं चालतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण दाराशी माणसं ताटकळत होती. मी दाखले काढले.

तिकटीवरच्या खांबासमोर रस्त्याच्या कडेला एक जुनी बाभळ, आणि बाभळीमागं मावशीचं घर. ती माझी सख्खी मावशी नव्हे. बचत गटाची अध्यक्ष म्हणून सगळं गावच तिला मावशी म्हणतं. दहावी शिकलेली, तोंडानं फटकळ, मनात काही ठेवणार नाही. नळयोजना आली तेव्हा तिला एक काम मिळालं. घरोघर नळ बसला की त्याचा फोटो मोबाईलवरून सरकारला पाठवायचा. फोटोबरोबर जागाही आपोआप जाते, त्यामुळं यात खोटं करताच येत नाही, असं तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं.

खोटं करता येतं. ठेकेदाराचा माणूस एक चकचकीत तोटी आणि पाइपाचा तुकडा घेऊन पुढं चालायचा. दारापुढं तुकडा रोवायचा, तोटी बसवायची, घरच्या बाईला शेजारी उभी करायची, मावशीनं फोटो काढायचा, आणि मग तोटी उपटून पुढच्या दारी. “पक्की मागनं बसवू,” असं तो प्रत्येक दारात म्हणायचा. जागा खरी, बाई खरी, तोटीसुद्धा खरी. फक्त पाणी नव्हतं. एका दारातल्या म्हातारीनं फोटोसाठी तोटीखाली कळशीसुद्धा धरली होती.

मावशीनं वाट बघितली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मागनं काहीच आलं नाही. बायका हातपंपावरच. सरकारच्या हिशेबात मात्र आमचं गाव घरोघर नळाचं झालं होतं. मग तिनं योजनेच्या इंजिनिअरला गाठलं आणि म्हणाली, मी काढलेले फोटो मला परत दाखवा, म्हणजे एकच तोटी सगळीकडं कशी फिरली ते तुमच्याच डोळ्यांनी बघा. फोनातलं फोटो पाठवायचं अ‍ॅप तोवर तिला उघडेनासं झालं होतं.

इंजिनिअर म्हणाला, “तो डेटा शासनाचा आहे. गोपनीय आहे.”

“माज्या हातानं काढलेले फोटो माज्यापासनंच गोपनीय?”

“नियम आहे.”

तिनं माझ्याकडून माहितीच्या अधिकारात अर्ज करून घेतला. तालुक्याहून उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. तोटीत कसली सुरक्षा, हे मला राज्यशास्त्रातही शिकवलं नव्हतं.

त्यानंतर ठेकेदाराचा माणूस तिच्या दारात आला. भांडायला नाही, समजवायला. म्हणाला, “मावशे, उद्या चौकशी लागली तर फोटो कुनाच्या फोनातनं गेले? तुज्या. सरकारला फसवलं कुनी? तू. मी तर नुसता पाइप धरून हुबा होतो.”

त्या दिवशी मावशी पहिल्यांदा घाबरलेली मी बघितली. घाबरली म्हणजे गप्प बसली नाही. तिनं ठरवलं, कुणी बोट दाखवायच्या आधी ग्रामसभेत आपणच उभं राहून सगळं सांगायचं. पण एकटीनं सांगितलं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार. ज्यांच्या दारात तोटी बसली आणि उपटली गेली, त्या बायकांनी सोबत बोलायला पाहिजे. “आपल्या दारातलं सांगायला कुनाच्या बापाची भीती?” असं ती म्हणायची, आणि लगेच, “भीती हाय खरी, पन आपन मिळून भ्याव.”

दुपारी पुरुष माणसं रानात किंवा पारावर असायची, तेव्हा बायका तिच्याकडं जाऊ लागल्या. कुणी विरजण मागायच्या निमित्तानं, कुणी शिवायला टाकलेलं पोलकं आणायला. मीही जेवणाच्या सुट्टीत जायची. कोण काय बोलणार हे ठरत होतं. कॅमेरा समोरच होता, पण मधी बाभळ होती. पडद्यावर तिकटीचा रस्ता, बाभळीचा हिरवा-काळा पुंजका, आणि त्यामागं काहीच नाही. असं काही मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. झाड जिथं होतं तिथं होतं.

मग चैत्र लागला आणि घराघरांतून वेगळंच ऐकू यायला लागलं. एका बाईच्या नवऱ्याला मालकांनी दुकानात विचारलं, “काल दुपारी मंडळी तिकटीकडं गेलती का?” दुसऱ्याला विचारलं, “तुमच्या सुनबाईला विरजण लई लागतं वाटतं.” एवढंच. धमकी नाही, दम नाही. हसत हसत. नवरे घरी येऊन बायकांवर ओरडले, आणि बायकांचं येणं आटलं.

आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न, सांगतंय कोण? मावशीनं आधी शेजारणीवर संशय धरला. दोघी वीस-एक वर्षं एका भिंतीला टेकून राहिलेल्या, त्यांचं बोलणं बंद झालं. मग संशय माझ्याकडं फिरला. ग्रामपंचायतीत बसते, भाऊसाहेबांच्या हाताखाली, दुसरं कोण असणार? हातपंपावर मी कळशी लावली तर मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, “काय ग कॉम्प्युटरवाले, पगार वाढला का तुजा?”

बायका हसल्या. मला ते फार लागलं. मी चुगली करणाऱ्यातली नाही, आणि माझं शिक्षण असल्या कामाला आलं असं कुणी धरावं, हे तर मला सहनच होईना. कळशी तशीच अर्धी घेऊन मी घरी आले.

मार्चअखेरच्या कामात मावशीकडं जायला किंवा पडद्याकडं बघायला मला सवड मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. तिकटीच्या चौकोनात बाभळीचा पुंजकाच नव्हता. नुसता बोडका बुंधा आणि वर हात पसरल्यासारख्या दोन फांद्या. त्यांच्या मधोमध मावशीचं दार. उंबरा, दाराला लावलेलं तोरण, बाहेर वाळत घातलेलं लुगडं, सगळं ओळखू येत होतं. मावशी स्वतः बाहेर आली, चूळ भरली आणि आत गेली. मी बघत राहिले.

झाड कुणी छाटलं हे विचारायची गरज नव्हती. पंधरा-वीस दिवसांपूर्वी आमच्या मेंढरांच्या वाड्यावर बाभळीच्या पाल्याचा ढीग पडला होता आणि शेळ्या-मेंढरं त्याच्यावर तुटून पडली होती. मी संध्याकाळी आबांना गाठलं.

“आबा, तिकटीवरची बाभळ तुम्ही छाटली?”

“मग? असला पाला ह्या दिवसांत कुटं भेटतो का? शेंगा बी होत्या.”

“कुणी सांगितलं छाटायला?”

“मालकांनी. सोताहून हाक मारली मला. म्हनले, वायरला लागतीया, पार वरपातूर छाट, पाला समदा तुजाच.”

“आणि तुम्ही विचारलं नाही, मालकांना एकदम तुमच्या मेंढरांची दया का आली?”

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच येडी आहे. “चैताचा महिना हाय. माळावर काडी न्हाई. पाला घे म्हनल्यावर मेंढराचा धनी कावून म्हनून इचारतो व्हय ग? इचारलं तर दुसऱ्याला देतील की!”

उन्हाळ्यात फुकटचा पाला कुणी दाखवला तर आमच्या माणसाचे हात फांद्या ओढायच्या आकडीकडं आधी जातात आणि डोकं मागनं येतं. मालकांना हे चांगलं ठाऊक होतं. रस्त्याचं झाड त्यांनी स्वतः तोडलं असतं तर गाव बोललं असतं. मेंढरांसाठी फांद्या उतरवल्या तर कोण बोलणार? ती तर चालत आलेली रीत.

मी त्यांना पडद्याचं सांगितलं. कोण कुणाच्या दारात जातं ते मालक दुकानात बसून बघतात, आणि मावशीवर काय पाळी येणार आहे, तेही सांगितलं. आबांनी पायातल्या वहाणेची धूळ झटकली.

“मंजी चोर धरायचं सोडून हे बाया मोजतेत?”

“तसंच.”

“आन् मी त्येला खिडकी करून दिली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी त्यांच्या पद्धतीनं भरपाई केली. सगळा कळप तिकटीवरून नेला, आणि सरळ नेण्याऐवजी तिथंच गोल गोल फिरवला. पडद्यावर नुसता धुरळा. मधेच एखादं शिंग दिसायचं, मधेच आबांचा पटका. भाऊसाहेबांनी मान वर करून विचारलं, “कॅमेरा बिघडला का?” मी म्हणाले, “मेंढरं आहेत.” त्या धुरळ्यात दोघीतिघी मावशीकडं जाऊन आल्या म्हणे. पण मावशीनंच आबांना हटकलं, “दाजी, बस करा. घरात समदी माती झाली. आन् धुरळ्यात किती दिवस लपायचं? मी काय चोरी केली?”

आबांनी मग तिथंच तिला पाल्याची सगळी कथा सांगितली. ती ऐकून मावशी शेजारणीच्या दारात गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. येताना मात्र शेजारणीच्या घरचं लोणचं घेऊन आली.

मला वाटलं तर मी त्या कॅमेऱ्याची वायर सैल करू शकले असते. कुणाला कळलंही नसतं. पण तसलं काम मला जमत नाही. मी जे करीन ते उजेडात करीन. आणि लपून बघणाऱ्यावर लपूनच उपाय करायचा, तर त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला?

बाजाराच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत गर्दी असते. त्या सकाळी मी पडदा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या कडेला, ओसरीकडं तोंड करून ठेवला. बस, एवढंच केलं. कुणाला बोलावलं नाही.

दाखल्याला आलेल्या एका बाईनं आधी बघितलं. “अग बया, ही तर मावशी! आत्ताची का ग?”

“आत्ताची.”

“दारातला कचरा बी दिसतोय की.”

ओसरीवरची माणसं पुढं सरकली. मी खुर्चीवरून उठून मोठ्यानं सांगितलं, “हेच चित्र मालकांच्या फोनात पण दिसतं. रोज. मी दुकानात माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

एक म्हातारबा म्हणाले, “म्हंजी मी सकाळी तांब्या घेऊन तिकटीवर कडंला बसतो ते बी?”

“ते तर कॅमेऱ्याबिगर बी समद्या गावाला ठाव हाय,” मागून कुणीतरी बोललं आणि ओसरी हसली. पण ज्यांच्या बायकांबद्दल दुकानात विचारणा झाली होती ते हसले नाहीत. ते पडद्याजवळ येऊन वाकून बघत होते. त्यातला एक माझ्याकडं न बघताच म्हणाला, “हितनं कळत होतं व्हय त्येला.”

भाऊसाहेब आतून धावत आले. “ताई, पडदा फिरवा. गोपनीय आहे तो.”

“भाऊसाहेब, रस्ता गावाचा, खांब गावाचा, पैसा गावाचा, दिसतात ती माणसं गावाची. मग गोपनीय कुणापासून?”

“तुम्ही कंत्राटी आहात, हे विसरू नका.”

“तेवढं विसरायला तुम्ही कधी देता?”

तोवर मावशीला निरोप गेला होता. ती आली, पडद्यासमोर उभी राहिली. स्वतःचं रिकामं दार बघत राहिली. तिच्या मागोमाग मालकही आले. कुणीतरी फोन केला असणार. ते रागावले नव्हते, ते कधीच रागावत नाहीत. म्हणाले, “कॅमेरा चोरासाठी हाय, मावशी. तुमच्याच जिवासाठी.”

“मग घावला का मालक चोर, माज्या दारात?”

मालक हसले, पण त्यांच्या हसण्यात कुणी हसणं मिसळलं नाही. ते निघून गेले. मावशीनं माझ्याकडं बघितलं. माफी मागणं तिच्या स्वभावात नाही, आणि मलाही ती नको होती. “नोकरी जाईल ग तुजी,” ती म्हणाली.

“बघू.”

त्यानंतर बायका मावशीकडं जायला लागल्या ते समोरून, रस्त्यानं. कुणी तूर निवडायला घेऊन, कुणी वाती वळायला. नवऱ्यांना आता दुकानात कुणी काही विचारेना, कारण विचारलं की ‘तुमाला कसं ठाव?’ हा प्रश्न उलटा यायचा. तरीही सगळ्या आल्या नाहीत. ज्यांची माणसं मालकांच्या रानात कामाला होती त्या आल्या नाहीत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. माझ्या घरात एक पगार आणि एक कळप आहे, त्यांच्या घरात रोजचा रोज आहे.

ग्रामसभेला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले होते. मावशी उभी राहिली, पदर खोचला आणि तोटीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ठेकेदाराचा माणूस मधेच ओरडला, “फोटो हिनंच काढलेत, इचारा!” मावशी म्हणाली, “मीच काढले. तेच तर सांगतीया.” साहेबांनी पेन काढला, जरा जवळ येऊन हळू विचारलं, “तक्रारीत तुमचं नाव गुप्त ठेवता येईल. ठेवायचं का?”

“साहेब, समद्या गावानं माजं दार बघितलंय. आता नाव झाकून काय करू? लिहा. तक्रार करनारी मी, आन् फोटो काढनारी बी मीच. दोन्ही लिहा.”

साहेब लिहीत होते तोवर मागून कळशीवाली म्हातारी उठली. “माज्या दारात लावली आन् उपटून नेली. माजं बी लिहा.” मग तिची शेजारीण उठली. मग आणखी एक.

मला नंतर नोटीस आली, गोपनीयतेचा भंग केल्याची. मी उत्तर दिलं, जे भाऊसाहेबांना बोलले तेच लिहिलं, फक्त भाषा कॉलेजातली वापरली. नोकरी आहे अजून. कंत्राट दर खेपेला अगदी शेवटी वाढतं, तोवर ते मला टांगून ठेवतात. पडदा ओसरीकडंच आहे, ग्रामसभेनं तसा ठराव घेतला. मालकांच्या फोनातलं कॅमेऱ्याचं अ‍ॅप काढलं, असं भाऊसाहेब सांगतात. मी स्वतः बघितलेलं नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही. चौकशी चालू झाल्यावर काही घरांत खरे नळ बसले. मावशीच्या घरी बसवायला ठेकेदाराचा माणूस तयार नाही. म्हणतो, तुमच्याकडं नळ बसल्याचा फोटो आधीच गेलेला आहे.

मागच्या महिन्यात तिला चौकशीसाठी तालुक्याला बोलावणं आलं. मी तो कागद आधी वाचला, कारण ती वाचायला तयार नव्हती. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. मी तो शब्द तिला दोनदा वाचून दाखवला. तिनं विचारलं, “आरोपी न्हाई ना लिहिलं कुटं?” मी म्हणाले, “कुठंच नाही.” ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

त्या दिवशी बायकांनी टेम्पो केला. मी रजा टाकली. कार्यालयाच्या दारावर शिपायानं आम्हाला अडवलं. “एवढ्या जणी कशाला? नाव तर एकीचंच आहे.”

“नाव एकीचं हाय भाऊ,” मावशी म्हणाली, “तोटी समद्यांच्या दारातनं गेलीया.”

शिपायानं आत बघितलं आणि तो बाजूला झाला.